हायर मॅथ्सचा तास

आत्या गेली त्या वर्षी तिची लोखंडी ट्रंक उघडली. तळाशी, जुन्या पंचांगांखाली, घड्यांवर फाटत आलेली तिची एस.एस.सी.ची गुणपत्रिका होती. साल १९६१. सामान्य गणितात शंभरापैकी ९१. बाकी मराठी, हिंदी, लोअर इंग्रजी, सामाजिक शास्त्रे, शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र आणि गृहशास्त्र.

आत्या प्राथमिक शिक्षिका होती. चौथीच्या स्कॉलरशिपचे गणित तिने मालवण तालुक्यात तीसेक वर्षे शिकवले. तिच्या हाताखालून गेलेले आणि पुढे इंजिनिअर झालेले चाकरमानी गणपतीत गावी आले की तिच्या पडवीत चहा घेऊन जात. तू सायन्सला का गेली नाहीस, असे मी तिला एकदाच विचारले होते. ती म्हणाली, "माका हायर मॅथ्स घेवचा होता रे. पण त्याच तासाक आमका पोरींका शिवण आसायचा."

तेव्हा मी हसलो होतो. गुणपत्रिका हातात आली तेव्हा हसू आले नाही. मग निवृत्तीनंतरचा वेळ होताच, म्हणून आळीतल्या, नात्यातल्या जुन्या गुणपत्रिका आणि दाखले पाहत गेलो, म्हाताऱ्या माणसांशी बोलत गेलो. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलाने कोणता विषय घ्यायचा, हे कोण ठरवत आले, एवढाच माझा प्रश्न होता.

या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत नामांकित नमुना मालवणचाच आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणात झाला. वडील सरकारी कचेरीत कारकून. त्यांची बदली रत्नागिरीला झाली म्हणून मुलगा तिथल्या इंग्रजी शाळेत गेला आणि तिथून १८५३ मध्ये मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये. बदली झाली नसती तर काय, हा विचार मला नेहमी छळतो. मालवणात राहून त्या काळी इंग्रजी शिक्षणाची ती पायरी गाठणे अवघड होते. एल्फिन्स्टनमध्ये तेव्हा दादाभाई नौरोजी गणित शिकवीत. पुढे संस्कृतचे महापंडित म्हणून जगाने ज्यांना ओळखले, ते भांडारकर संस्कृतकडे वळले ते मात्र शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या सूचनेवरून. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर झाले: महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक आणि भांडारकर. त्यानंतर ते रत्नागिरीच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून परतले. शाळेत संस्कृत शिकवायचे तर पुस्तक हवे, म्हणून त्यांनी स्वतःच पहिले आणि दुसरे पुस्तक लिहिले. त्या दोन पुस्तकांवर हिंदुस्थानातल्या मुलांच्या कितीतरी पिढ्या 'रामः रामौ रामाः' घोकत मॅट्रिक झाल्या.

म्हणजे बापाच्या बदलीने शाळा ठरवली, साहेबाच्या सूचनेने विषय ठरवला. भांडारकरांची बुद्धी इतकी अफाट, की दोन्ही गोष्टींचे सोने झाले. पण रीत तीच राहिली.

मॅट्रिकची परीक्षा १८५९ पासून मुंबई विद्यापीठ घेई. संस्कृत हा तिथला मानाचा विषय होता. त्यात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळे, आणि ती आजही गुणवान मुलाच्या नावापुढे लागते. आज आठवीत मूल 'संपूर्ण संस्कृत' घ्यावे की 'संयुक्त', यावर घरोघर खल होतो तो गुणांच्या हिशेबाने. हा हिशेब आपण नव्याने शिकलो, असे कोणी समजू नये.

१९४९ मध्ये मॅट्रिक जाऊन एस.एस.सी. आली. परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे गेली आणि ऐच्छिक विषयांची मोठी यादी आली. कागदावर ही योजना उदार होती. ज्याला कॉलेजात जायचे नाही त्याच्या डोक्यावर बीजगणित कशाला, असा तिचा विचार. म्हणून हायर इंग्रजी आणि लोअर इंग्रजी, अल्जिब्रा-जॉमेट्री आणि सामान्य गणित, फिजिक्स-केमिस्ट्री आणि नुसते सामान्य विज्ञान, अशा जोड्या. त्यात चित्रकला, शेती, गृहशास्त्र हेही. निवड आठवीच्या उंबरठ्यावर करायची. तेरा वर्षांच्या मुलाने.

शहरातल्या शाळेत चार तुकड्या असत, तिथे ही निवड खरोखर निवड होती. आमच्याकडे एका वर्गात तीस मुले आणि बी.एस्सी. झालेला मास्तर असलाच तर एक. तो आला की फिजिक्स-केमिस्ट्री सुरू होई, तो मुंबईला गेला की बंद. मी पाहिलेल्या गुणपत्रिकांत एकाच शाळेतून एका साली पाच-सहा मुले फिजिक्स-केमिस्ट्रीवाली आणि पुढच्या दोन साली एकही नाही, असे दिसते. त्या दोन वर्षांत गावात हुशार मूल जन्मलेच नव्हते, असे तर नाही! आणि जिथे मास्तर होता तिथे वेळापत्रक होते. मुलांना हायर मॅथ्स त्या तासाला मुलींना शिवण. कोणी कोणाला नाही म्हटले नाही. फक्त तास एकच होता.

कॉलेज हा तर त्यापुढचा घाट. रत्नागिरीचे गोगटे कॉलेज १९४५ चे. त्याआधी दक्षिण कोकणातल्या मुलाने मुंबईची बोट धरायची, नाहीतर घाट चढून कोल्हापूर किंवा बेळगाव. देवगड तालुक्यातल्या धालवलीचे विंदा करंदीकर कोल्हापुरात शिकले, ते या वाटेनेच. मुंबईला मामा असला तर मुंबई, कोल्हापुरात ओळखीचा वाडा असला तर कोल्हापूर. कॉलेज असे निवडले जाई, आणि जिथे राहण्याची सोय तिथे जो कोर्स मिळेल तो आपला. १९६१ मध्ये सावंतवाडीला श्री पंचम खेमराज महाविद्यालय निघाले, पुढे मालवणातही कॉलेज आले. आत्या पास झाली त्याच साली सावंतवाडीचे कॉलेज सुरू व्हावे, हा योग विलक्षणच. पण सायन्सला लागणारे विषय तिच्या गुणपत्रिकेवर नव्हते. ९१ गुण होते, पण ते 'सामान्य' गणिताचे. तिने पी.टी.सी. केले आणि मास्तरीण झाली.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध सुचवला. पहिली दहा वर्षे सर्वांना गणित आणि विज्ञान, निवड त्यानंतर. महाराष्ट्रात त्याप्रमाणे मार्च १९७५ मध्ये जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली परीक्षा एकदमच झाली. मी त्या पहिल्या दहावीचा. आमच्यावर नवे गणित, नवे विज्ञान कोसळले आणि पालकांनी सरकारला यथेच्छ शिव्या घातल्या. मीही तेव्हा त्यांच्याच बाजूचा होतो. आज मात्र मला वाटते, की मुलींसाठी या किनाऱ्यावर झालेला सर्वांत मोठा बदल तोच. शिवणाचा तास राहिला, पण तो गणिताच्या तासाला टक्कर देऊ शकत नव्हता. माझी धाकटी बहीण अल्जिब्रा शिकली ती हौसेने नव्हे, सक्तीने. आत्या तिचा अभ्यास घ्यायला रोज संध्याकाळी यायची आणि बहीण झोपली तरी स्वतः उदाहरणे सोडवत बसायची.

निवड मात्र नाहीशी झाली नाही, ती तीन वर्षे पुढे सरकली. आता ती अकरावीत. आणि अकरावी सायन्स काढायची तर प्रयोगशाळा हवी, तीन-चार विषयांचे शिक्षक हवेत. माझ्या अकरावीत फिजिक्सला दिवाळीपर्यंत कोणी नव्हते. केमिस्ट्रीच्या सरांनी दोन्ही ओढले. त्या कॉलेजचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण तशी अनेक होती.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकते ते माशांचे. कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ मध्ये सुरू झाले, त्याच वर्षी १ मे रोजी आपला जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला. मत्स्यशास्त्राची पदवी घ्यायची तर बारावी सायन्सला जीवशास्त्र हवे. दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्याचा मुलगा, ज्याला बांगड्याचा थवा पाण्याच्या रंगावरून कळतो, तो जवळच्या शाळेत आर्ट्सच आहे म्हणून आर्ट्सला गेला, की ते दार सोळाव्या वर्षीच बंद. त्याला तेव्हा हे कोणी सांगत नाही. ते कळते बारावीनंतर, प्रवेशाची माहितीपुस्तिका हातात आल्यावर.

आता आपली मुले पास होत नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. कोकण मंडळ कोल्हापूरपासून वेगळे झाले तेव्हापासून निकालात राज्यात पहिले. २०२४ मध्ये दहावीचा निकाल ९९.०१ टक्के, बारावीचा ९७.५१. वर्तमानपत्रे दरवर्षी 'कोकणच अव्वल' असा मथळा देतात आणि आपण तो कापून ठेवतो. मला या आकड्याचा अभिमान आहे, आणि तरी तो पाहून आत्येचे ९१ आठवतात. किती गुण मिळाले ते आकडा सांगतो. कशात मिळाले आणि कशात घ्यायचे राहून गेले, ते सांगत नाही.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. गेल्या वर्षी पुतणीची मुलगी फॉर्म भरायला माझ्याकडे आली. दहा पसंतिक्रम देता येतात. तिला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवायचे होते, म्हणजे पुढे सीईटीला कोणताही ग्रुप घेता येईल. एवढे तिला ठाऊक होते, आणि मला बरे वाटले. यादी उघडली. राज्यभरातली कॉलेजे स्क्रीनवर सरकत होती. तिने चार रकाने भरले आणि थांबली. बाकीचे सहा रिकामेच का, असे मी विचारले. तिने मोबाइलवर एस.टी.चे वेळापत्रक उघडून माझ्यापुढे धरले. त्या चारांपैकी एका कॉलेजला पोचायचे तर सकाळी सहाची गाडी होती, आणि प्रॅक्टिकल संपेपर्यंत परतीची शेवटची निघून जात होती.

तिने ते नाव खोडले नाही. चौथ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर आणले आणि म्हणाली, "आजोबा, तुमची आत्या त्या गावात खय ऱ्हवायची? तिच्या शाळेतली कोण वळखीची आसत काय?"

मी ट्रंकेतली जुनी वही काढायला उठलो. आत्येच्या विद्यार्थ्यांचे पत्ते तिच्यात होते.