शेतावरचा 'जिमी'

मिशिगनच्या नकाशातल्या पंजाचा जो अंगठा, त्या 'थंब' भागात शुगर बीट पिकतं. साखर जमिनीखालून उपटून काढतात याचं माझ्यासारख्या कोल्हापूरकडच्या माणसाला अजून नवल वाटतं! तिथल्या एका शेतकरी मित्राच्या कोठारात तीस वर्षं धूळ खात पडलेला दहा चाकांचा लष्करी ट्रक आम्ही दोघांनी दोन उन्हाळे खपून चालता केला.

हा जीएमसीचा 'सीसीकेडब्ल्यू', अडीच टनी. पहिला सी म्हणजे १९४१ चा आराखडा, दुसरा म्हणजे नेहमीची केबिन, के म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद आणि डब्ल्यू म्हणजे मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना. सैनिक नुसतं 'जिमी' म्हणत. असे पाच लाखांहून जास्त ट्रक बनले, त्यातले पुष्कळसे इथल्याच पॉन्टियाकमध्ये. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४४ या काळात फ्रान्समध्ये पुढे धावणाऱ्या सैन्याला पेट्रोल आणि दारूगोळा याच ट्रकांनी पुरवला. 'रेड बॉल एक्स्प्रेस' ती हीच. तिचे सुमारे तीन चतुर्थांश ड्रायव्हर कृष्णवर्णीय होते. त्या काळी त्यांच्या तुकड्यासुद्धा वेगळ्या असत; ही विभागणी संपवण्याचा आदेश ट्रूमन यांनी काढला तो १९४८ मध्ये. आपल्या आसामातल्या लेडो रस्त्यावरही जिमी धावले.

युद्ध संपल्यावर सरकारने जादा गाड्या विकायला काढल्या. मित्राच्या आजोबांनी १९४७ मध्ये हा घेतला. बीट काढायचं शरद ऋतूत, नेमकं चिखलाच्या दिवसांत. तिथे सहाही टोकांना ताकद असलेला ट्रक म्हणजे बैलजोडीच! आजोबांनी त्याला लालभडक रंग दिला आणि दारावर शेताचं नाव रंगवलं.

इंजिन जाम होतं. स्पार्क प्लग काढून सहाही सिलिंडरांत तेल ओतलं आणि रोज हँडल थोडंथोडं हलवत राहिलो. नवव्या दिवशी ते फिरलं. टाकीतला गंज, सहा व्होल्टची वायरिंग, कुजलेल्या फळ्या, सगळं रीतसर केलं.

खरा वाद रंगाचा. मित्राला हवा होता ऑलिव्ह रंग आणि पांढरा तारा. प्रदर्शनात बक्षीस त्यालाच मिळतं. त्याच्या ऐंशी ओलांडलेल्या आईने साफ नकार दिला. चौदाव्या वर्षी ती याच लाल ट्रकवर गाडी शिकली होती. मी आईच्या बाजूने. लष्कराकडे हा फार तर चार-पाच वर्षं. शेतावर त्याने तीन पिढ्या पोसल्या. तारा काढायचा तर आजोबांचं अक्षर खरवडावं लागणार, ते मला काही पटेना.

शेवटी लाल रंगच राहिला. बॉनेटवर वीतभर जागा मात्र घासून तशीच सोडली आहे. तिथे खालचा ऑलिव्ह रंग आणि चारने सुरू होणारा लष्करी क्रमांक दिसतो. गेल्या ऑक्टोबरात एक खेप बीट घेऊन तो कारखान्यावर जाऊनही आला. ब्रेक दाबला की अजून जरा डावीकडे ओढतो.