भाकरींची चवड आणि अंकपाश

शहादे तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीसारख्या गावी दिवाळीत घर पाहुण्यांनी भरले, की चुलीपाशी भाकरींची चवड चढू लागते. थापणारे हात दोघीतिघींचे. तेव्हा लहानमोठ्या भाकरी येतील तशा एकीवर एक पडतात. समजा, एखाद्या पोराने हट्ट धरला, की मोठी भाकरी तळाशी आणि सर्वांत लहान वर अशी चवड लावायची. मात्र हातात उलथने एकच. ते मध्येच कोठेही सारावे आणि त्याच्या वरच्या साऱ्या भाकरी एकदम पालथ्या घालाव्यात. किती उलथ्यांत काम होईल?

मांडणीचे गणित खानदेशाला परके नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ सालच्या शिलालेखात आहे. आचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अंकपाशाचे प्रकरण आहे. विष्णूच्या चार हातांतील शंख, चक्र, गदा, पद्म यांची अदलाबदल केली तर मूर्तिभेद किती? चोवीस! संध्येतली चोवीस नावे ज्यांना पाठ आहेत, त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. शंकराच्या दहा हातांतील दहा वस्तूंचे भेद मात्र ३६,२८,८०० होतात. चार भाकरींच्या चवडीही चोवीसच.

पण मांडण्या मोजणे निराळे आणि एका मांडणीतून दुसरीकडे जाण्याची पावले मोजणे निराळे. हा दुसरा प्रश्न १९७५ साली जेकब गुडमन या गणितज्ञाने एका अमेरिकन गणित-मासिकात विचारला. प्रश्न पॅनकेकचा, म्हणजे आपल्या धिरड्याच्या भाऊबंदाचा; म्हणून त्याने टोपणनाव घेतले हॅरी ड्वेटर. इंग्रजीत ते भरभर म्हटले की ‘गांजलेला वाढपी’ असे ऐकू येते!

एक रीत कोणालाही सुचेल. सर्वांत मोठ्या भाकरीखाली उलथने घालून ती वर आणावी, मग सगळी चवड उलटून तिला तळाशी धाडावे. उरलेल्यांचे पुन्हा तसेच. एकेकीला दोन उलथ्या, शेवटच्या दोघींना मिळून फार तर एक. या हिशेबाने चारांना पाच आणि शंभरांना १९७ उलथ्या पुरतात. परंतु चोवीसही चवडी तपासल्या तर चारच उलथ्या पुरेशा ठरतात, आणि तेवढ्याही लागाव्यात अशा चवडी तीनच निघतात.

हार्वर्डमधल्या बिल गेट्स नावाच्या विद्यार्थ्याने याहून चतुर रीत शोधली. त्याचा व ख्रिस्तोस पापादिमित्रिऊ यांचा निबंध १९७९ साली छापला गेला, तोवर गेट्स मायक्रोसॉफ्टच्या व्यापात गुंतला होता. त्यांच्या रीतीने शंभर भाकरींना १६८ उलथ्या पुरतात. त्यात सुधारणा व्हायला २००९ उजाडले. पुढे २०११ मध्ये तिघा फ्रेंच संशोधकांनी दाखवले, की कोणत्याही दिलेल्या चवडीला कमीत कमी किती उलथ्या लागतील हे काढणे गणकयंत्रालाही अवघड जाणाऱ्या प्रश्नांच्या जातीचे आहे.

हा केवळ पोरखेळ नव्हे. सजीवांच्या गुणसूत्रांचे तुकडेही असेच उलटे होऊन बसतात; तेथे मधलाही तुकडा उलटू शकतो, इतकाच फरक. कोबी आणि सलगम यांच्या पेशींतील एका जनुकसाखळीत मुख्य भेद क्रमाचा आहे, असे १९८८ साली दिसून आले. अशा उलथ्या मोजून जातींमधले नाते पारखता येते.

शंभर भाकरींच्या सर्वांत हट्टी चवडीला नेमक्या किती उलथ्या लागतात, हे मात्र आजही कोणी सांगू शकलेले नाही. तेव्हा चुलीपाशी कोणी पोर भाकरी उलथीत बसले, तर गृहिणींनी रागावण्याआधी त्याला एवढेच विचारावे, ‘बाळ, किती झाल्या रे?’