इथे गड नाही, पण गोष्ट आहे

सिडनीत राहणाऱ्या आई-बाबांसाठी ही पोस्ट. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

शाळांना सुट्टी लागली की आपल्या ग्रुपांवर एक प्रश्न हमखास येतो: "मुलांना घेऊन एका दिवसात होईल असा ट्रेक सुचवा ना." उत्तरंही ठरलेली असतात. रॉयल नॅशनल पार्क, लेन कोव्ह, ग्लेनब्रुक, ब्लॅकहीथ. आणि मग जाऊन आल्यावर कुणीतरी म्हणतंच, "जागा छान आहे हो, पण बघायला तसं काही नाही. आपल्याकडे कसं, राजगड, तोरणा..."

तक्रार खोटी नाही. आपण ज्याला ट्रेक म्हणतो त्यात चढून गेलं की वर दरवाजा असतो, बुरूज असतो, पाण्याचं टाकं असतं, आणि मुलांना सांगायला एक गोष्ट असते. सिडनीभोवती सगळं उलटं. गाडी वर लागते, आधी दरीत उतरायचं, आणि नेमकी मुलं दमली की चढ सुरू! खाली ओढा, खडक, निलगिरीची झाडं. गोष्ट कुठे आहे?

गोष्ट आहे. एक नाही, चांगल्या पाच-सहा आहेत. आणि त्या मुलांना सांगायला हव्यात असं मला फार वाटतं, कारण त्यांचं "माझं गाव" हेच असणार आहे.

आधी हे उलटं का, ते बघू. आपला सह्याद्री साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. सिडनीचा पिवळा वालुकाश्म त्याच्या तिपटीहून जुना. या खडकात नद्यांनी खोल घळी कापल्या, वर सपाट धारा राहिल्या. रस्ते, रेल्वे, वस्त्या सगळ्या या धारांवर आल्या. पॅरामॅटा, वेस्टमीडच्या बाजूला मात्र खडक वेगळा, माती चिकण आणि जमीन सपाट. तिथली झाडं शेतीसाठी केव्हाच तुटली. दऱ्यांमधली माती वाळूची, उतार उभे, ना नांगर चालणार ना घर बांधता येणार. म्हणून शहराच्या कुशीत एवढी झाडी पुष्कळ काळ तशीच राहिली.

या दऱ्यांनी इंग्रजांनाही चकवलं. १७८८ मध्ये वसाहत झाली, पण पुढची २५ वर्षं त्यांना ब्लू माउंटन्स ओलांडता येईनात. नदीकाठाने आत शिरायचं आणि शेवटी उभ्या कड्यापाशी अडकायचं, असं पुन्हा पुन्हा झालं. १८१३ मध्ये ब्लॅक्सलँड, लॉसन आणि वेंटवर्थ हे तिघं दरी सोडून धारेने चालले आणि पलीकडे वाट सापडली. कटूंबाच्या ट्रेनमध्ये ब्लॅक्सलँड, लॉसन, वेंटवर्थ फॉल्स ही स्टेशनं लागतात ना, ती हीच माणसं. आपली निम्मी मंडळी जिथे भाजी आणायला जातात ते वेंटवर्थविलसुद्धा याच वेंटवर्थ घराण्याच्या नावाचं.

पण "वाट सापडली" हे अर्धंच खरं. धारुग आणि गुंडुनगुरा लोक या डोंगरांतून हजारो वर्षं ये-जा करत होते. ग्लेनब्रुकजवळ रेड हँड्स केव्ह नावाची कपार आहे. खडकावर हात ठेवायचा, तोंडातून रंग फुंकायचा, हात काढला की त्याचा ठसा उरतो. असे कितीतरी हात तिथे आहेत. ओढ्याच्या कडेच्या खडकांवर लांबट खाचा दिसल्या तर मुलांना थांबवून दाखवा. दगडी कुऱ्हाडी पाण्याने ओल्या करून घासल्याच्या त्या खुणा. शिवकाळाहून जुना इतिहास म्हणजे याला काय कमी म्हणायचं?

यातली एक गोष्ट कडू आहे. कॅम्पबेलटाउनच्या पुढे अ‍ॅपिनजवळ कॅटरॅक्ट नदीची घळ आहे. १७ एप्रिल १८१६ च्या पहाटे गव्हर्नर मॅक्वारीने पाठवलेल्या सैनिकांनी तिथे धारावल लोकांच्या तळावर हल्ला केला. गोळीबारातून पळणारी माणसं अंधारात कड्यावरून खाली गेली. निदान १४ जण मेले, त्यांत बायका आणि मुलंही होती. हे सहा वर्षांच्या मुलाला सांगू नका, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला जरूर सांगा. ज्या मॅक्वारीच्या नावाची युनिव्हर्सिटी, रस्ते, शॉपिंग सेंटर आपण रोज बघतो, त्याचीच ही गोष्ट. परकीय सत्तेचा इतिहास आपल्या घरात सांगितला जातोच. इथल्या लोकांचं दुःख आपल्या मुलांना लवकर कळेल.

आता झाडीकडे परत. १८७९ मध्ये सिडनीच्या दक्षिणेला नॅशनल पार्क जाहीर झालं. अमेरिकेतल्या यलोस्टोननंतर असं नाव मिळालेल्या जगातल्या अगदी पहिल्या जागांपैकी हे एक. "रॉयल" हा शब्द १९५५ मध्ये लागला. पण तेव्हा हेतू जंगल राखण्याचा नव्हता. गर्दीत गुदमरलेल्या शहराला मोकळी हवा मिळावी, सहलीची सोय व्हावी, एवढंच. तिथे हरणं आणून सोडली, परदेशी झाडं लावली. १९२० च्या दशकात तर विश्वस्तांनीच लाकूडतोडीला परवानगी दिली आणि लोकांनी ओरड केली तेव्हा ती थांबली. म्हणजे पाटी लागली की जंगल वाचलं, असं तेव्हाही नव्हतं.

ही ओरड करणारे लोक कोण होते? इथून खरी मजा आहे. कारकून, शिक्षक, टायपिस्ट, नोकरदार. शनिवारी दुपारी काम सुटलं की पाठीला पिशवी लावून ट्रेन पकडणारे. १९३१ च्या ईस्टरला असा एक गट ब्लॅकहीथजवळच्या ग्रोस नदीच्या दरीत उतरला होता. तळाशी ब्लू गमच्या उंच, गुळगुळीत खोडांचं एक रान आहे. तिथे त्यांना बिलपिनचा एक शेतकरी भेटला. जमीन त्याने भाडेपट्ट्याने घेतली होती आणि ही झाडं तोडून तो अक्रोड लावणार होता.

त्यांनी भांडण काढलं नाही, सौदा केला. १५० पौंडांवरून घासाघीस होत १३० पौंडांवर आलं. ती महामंदीची वर्षं. कामगारांत दर तिघांमागे जवळपास एक जण बेकार. तरी वर्गणी काढून, उसनवार करून पैसे उभे केले, शेतकऱ्याने पट्टा सोडला आणि १९३२ मध्ये ४० एकरांचं ते रान राखीव झालं. फक्त ४० एकर! पण सामान्य माणसांनी मागितलं तर मिळतं, हे त्या ४० एकरांनी शिकवलं.

त्याच पिढीतले माइल्स डन्फी. व्यवसायाने आर्किटेक्चरचे शिक्षक, नाद डोंगरदऱ्यांचे नकाशे हाताने काढण्याचा. "बाळ लहान आहे, आता पाच-सात वर्षं ट्रेक बंद" म्हणणाऱ्या आई-बाबांनी हे वाचाच. डन्फी पतिपत्नींनी तान्ह्या मायलोला बाबागाडीत घालून कनांग्राच्या रानात नेलं. खडकाळ वाटेसाठी गाडी मजबूत करून घेतली आणि तिला नाव दिलं "कनांग्रा एक्स्प्रेस". माइल्सनी १९३० च्या दशकात अख्ख्या ब्लू माउंटन्सचं मोठं राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून नकाशासकट मागणी केली. पहिला तुकडा मिळायला १९५९ उजाडलं. बाबागाडीतला मायलो मोठा होऊन तेच काम करत राहिला. २००० मध्ये १० लाख हेक्टरहून मोठा हा प्रदेश जागतिक वारसा ठरला, तेव्हा बाप-लेक दोघेही हयात नव्हते.

आणखी एक बाई, मेरी बाइल्स. वडील रेल्वे सिग्नलचे इंजिनियर, इथे नोकरी मिळाली म्हणून कुटुंब इंग्लंडहून आलं. मेरी तेव्हा ११ वर्षांची. ओळखीचं वाटतं ना? ही परदेशातून आलेली मुलगी १९२४ मध्ये न्यू साउथ वेल्सची पहिली स्त्री सॉलिसिटर झाली, आणि सिडनीच्या उत्तरेचा बुडी किनारा १९३५ मध्ये राखीव करण्यामागेही तीच होती. पुढे बुद्ध आणि गांधीजींच्या विचारांकडे ओढली गेली. चेल्टनहॅमला झाडीला लागून तिने घर बांधलं आणि त्याचं नाव ठेवलं "अहिंसा". मरण्याआधी ते घर जमिनीसकट नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. एपिंगच्या बाजूला राहणाऱ्यांना ते अगदी जवळ आहे.

शेवटची गोष्ट हंटर्स हिलची. पॅरामॅटा नदीकाठच्या केलीज बुश या छोट्या रानावर घरं बांधायचं ठरलं. तिथल्या १३ गृहिणी उभ्या राहिल्या. नगरपालिका झाली, आमदार झाले, प्रीमियर झाले, कुणी ऐकेना. शेवटी त्या बांधकाम मजुरांच्या युनियनकडे गेल्या. जॅक मंडी यांच्या युनियनने १९७१ मध्ये सांगून टाकलं, आमचा माणूस तिथे विटेला हात लावणार नाही. हीच पहिली "ग्रीन बॅन". ते रान आजही आहे.

म्हणजे आपण रविवारी डबे घेऊन ज्या वाटेवर जातो, ती कुणीतरी आपला रविवार घालून राखलेली आहे. ते बहुतेक आपल्यासारखेच होते, नोकरी आणि मुलं सांभाळणारे. काही तर आपल्यासारखेच बाहेरून आलेले.

आपली पाळी कशी? मोझमनच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६० च्या दशकात तण काढायची एक रीत बसवली. जिथे झाडी सगळ्यात निरोगी आहे तिथून सुरुवात करायची, थोडं थोडं काढत तणाकडे सरकायचं आणि मूळ झाडांना परत यायला वेळ द्यायचा. आज बऱ्याच कौन्सिलांचे बुशकेअर गट आहेत, महिन्यातून एखादी सकाळ द्यावी लागते. आणि तिथे काढायचं मोठं तण कुठलं, माहिती आहे? लँटाना. म्हणजे आपली घाणेरी! गावाकडे बांधावर आणि सह्याद्रीच्या उतारावर जी माजलीय, तीच. दोन्हीकडे ती अमेरिका खंडातून आलेली पाहुणी. ती उपटायला तुम्हाला कुणी शिकवावं लागणार नाही.

आता मुलांच्या वयाप्रमाणे सांगते. बाबागाडी असेल तर लेन कोव्ह नदीकाठ. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना रेड हँड्स केव्ह. ब्लू गमचं रान मात्र मुलं मोठी आणि चालायला पक्की झाल्यावरच, कारण पेरीज लुकडाउनवरून सुमारे ६०० मीटर उतार आणि परतताना तेवढाच चढ आहे. निघण्याआधी वाट उघडी आहे का आणि वणव्याचा इशारा नाही ना, ते पार्कच्या वेबसाइटवर बघाच. पाणी माणशी तीन लिटर. आणि अक्रोडाची गोष्ट उतरताना नका सांगू, चढासाठी राखून ठेवा. तेव्हा लागते.