बगाड, पुरणपोळी आणि आजीचा हिशेब

रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी कात्रज चौकात जरा उभं राहून बघा. पाठीवर लॅपटॉपची सॅक, हातात मिठाईचा पुडा आणि नजर साताऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांवर, अशी बरीच पब्लिक दिसेल. त्यातलाच एक मी. माझं आजोळ बावधन. चांदणी चौकापलीकडचं नव्हे हो, वाईजवळचं! (हे दर वर्षी ऑफिसात रजा मागताना सांगावं लागतं.)

मी वाढलो मात्र कात्रजलाच. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर इथे तलाव बांधून दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं. शहराने आधी गावाचं पाणी घेतलं, मग १९९७ मध्ये गावच महापालिकेत घेतलं. शेतांच्या सोसायट्या झाल्या. त्यामुळे फाल्गुन महिना म्हणजे काय हे आमच्या पिढीला कळायचं काही कारणच उरलं नाही. आमचा मार्च म्हणजे इयर-एंड आणि अप्रेझल.

बावधनला मात्र फाल्गुनाला अर्थ आहे, आणि तो ताटात दिसतो. मराठी मुलखातल्या बहुतेक जत्रा फाल्गुन ते वैशाख या काळातच का येतात? साधं आहे. रब्बीचं पीक घरात आलेलं असतं, बैल मोकळे असतात, पाऊस लांब असतो. पुरणपोळीकडे या नजरेने बघा. गहू रब्बीचा, हरभरा रब्बीचा आणि गूळ नुकत्याच संपत आलेल्या गुऱ्हाळाच्या हंगामातला. डाळ शिजवून काढलेलं पाणीसुद्धा वाया जात नाही, त्याची कटाची आमटी होते. थोडक्यात, पुरणपोळी म्हणजे नुकत्याच भरलेल्या कोठाराची पावती. आणि पोळी काही आजची नाही. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास'मध्ये पुरणपोळीसारख्या पदार्थाचं वर्णन आहे असं खाद्यसंस्कृतीचे अभ्यासक सांगतात. त्या मानाने आमटीतली लाल मिरची अगदीच नवखी. ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. म्हणजे आपल्या 'अस्सल गावरान' ताटात चार-पाचशे वर्षांचं अंतर शेजारी शेजारी वाढलेलं असतं!

आता बगाड. होळीच्या दिवशी भैरवनाथाला कौल लावून नवसकऱ्यांतून एक 'बगाड्या' ठरतो. रंगपंचमीला कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून लाकडी चाकांचा अजस्र गाडा निघतो. त्यावरच्या उंच शिडाला बगाड्याला बांधतात आणि बैलांच्या जोड्या बदलत बदलत गाडा शेतातून ओढत गावात आणतात. दिवस जातो त्यात. पूर्वी अशा बगाडांत पाठीच्या मांसात लोखंडी आकडा घालून माणूस टांगत. इंग्रज अधिकारी आणि मिशनरी यांनी याविरुद्ध भरपूर लिहिलं. बंगालमध्ये चडक पूजेतल्या अशाच प्रथेवर १८६५ मध्ये बंदी आली. आता आकडा गेला, दोर आणि कापड आलं, बगाड राहिलं. २०२१ मध्ये कोरोनामुळे मनाई असतानाही गावाने बगाड काढलं आणि गुन्हे दाखल झाले. ते चूकच होतं असं माझं मत आहे. पण गावाला हे किती आतून लागतं तेही त्यावरून कळतं.

तर मागच्या वर्षी मला वाटलं, यावर एक लेख लिहू. महिनाभर शनिवार-रविवार वाचत बसलो. आकड्याची वर्णनं मिळाली, शिडाची मिळाली, बैलांची मिळाली. मग माहिती पक्की करायला आजीला फोन लावला आणि विचारलं, "तुझ्या लहानपणी बगाड कसं असायचं गं?"

आजी म्हणाली, "मला काय ठाऊक? मी कुठे पाहिलंय?"

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. परत विचारलं. तेच उत्तर. अठराव्या वर्षी लग्न होऊन बावधनात आलेली बाई, आज ऐंशीच्या घरात. त्या दिवशी ती चुलीपुढे असते. गाडा गावात शिरला की गलका ऐकू येतो, त्यावरून पंगतीला किती वेळ आहे ते कळतं. तिच्यासाठी बगाड म्हणजे एक आवाज.

मग इंजिनिअरच्या सवयीने हिशेब मांडला. घरी साठ पाहुणे, माणशी तीन पोळ्या, म्हणजे १८०. एका पोळीला दोन मिनिटं धरली तरी सलग सहा तास तव्यासमोर. पुरण शिजवणं, वाटणं, कणीक, आमटी, भात, भजी हे वेगळंच. पूर्वी पुरण पाट्यावर वाटायचं, आता यंत्र आलं. चूल जाऊन गॅस आला. पण पाहुणेही वाढले, कारण कात्रजहून आमच्यासारखे दोन-अडीच तासांत येऊन धडकतात. सहा तासांचे सहा तासच राहिले.

ऑनसाईटला इटलीत होतो तेव्हा एका कलीगने त्याच्या गावच्या 'साग्रा'ला नेलं होतं. साग्रा म्हणजे तिकडची जत्राच, बहुतेकदा एखाद्या पिकाच्या किंवा पदार्थाच्या नावाने. रोमजवळच्या मरीनो गावातली द्राक्षांची साग्रा प्रसिद्ध आहे, पण ती काही प्राचीन वगैरे नाही, १९२५ साली सुरू झालेली. मी गेलो ते गाव अगदी छोटं होतं. लांबच लांब टेबलं आणि स्वयंपाक चौकातच, मांडवाखाली. पोलेंटा घोटणाऱ्या आज्या सगळ्यांना दिसत होत्या आणि मिरवणूक त्यांच्या समोरून गेली. तेव्हा मला फक्त पोलेंटा म्हणजे आपली मक्याची उकड एवढंच सुचलं होतं :-) आजीच्या फोननंतर ती चूल कुठे होती ते आठवलं.

असो. यंदा मी आणि दोघे मामेभाऊ स्वयंपाकघरात उतरलो. मामी "नको रे बाबा, पाहुण्यांत शोभा होईल" म्हणत होती आणि ते खरंच ठरलं. पहिल्या पंधरा पोळ्या फुटल्या. मामाने निम्म्या पोळ्या गावातल्याच एका बचत गटाकडून आणायचं आधीच ठरवून ठेवलं होतं म्हणून वाचलो. पाहुण्यांपैकी दोघांनी "बायका कुठे गेल्या?" असं विचारलं. बाकीचे मुकाट्याने जेवले.

बायका रस्त्याच्या कडेला शेजारच्यांच्या ओट्यावर बसल्या होत्या. आजीला खुर्ची दिली होती. तासाभराने ती परत आली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "केवढं मोठं चाक आहे रे ते. आवाजावरून वाटत नाही." मग परातीतलं पुरण बोटाने चेपून बघितलं, सैल झालंय म्हणाली आणि मला बाजूला सारून तव्यासमोर बसली. मी पुन्हा उठवायचा प्रयत्न केला, ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंबाटकी उतरून संध्याकाळी कात्रजला पोचलो. ऑफिसच्या डब्यात सहा पोळ्या होत्या. माझ्याच हातच्या, फुटलेल्या. चांगल्या सगळ्या पाहुण्यांबरोबर गेल्या होत्या.