फुटामागे एक सूत

ओतीव लोखंड थंड होताना आकसतं. किती? साधारण फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणाऱ्या मिस्त्रींना हे तोंडपाठ असतं. एक फूट व्यासाची पुली ओतायची, तर लाकडाचा नमुना एक फूट एक सुताचा हवा. दर वेळी हिशोब नको म्हणून त्यांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक फूट मुद्दाम एक सूत लांब आखलेला असतो. कॅडमध्ये आपण हेच काम १.०१ने गुणून करतो आणि विसरून जातो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ही खोटी पट्टी मी पाहिली नव्हती. ती मला एका जुन्या लेथबरोबर मिळाली.

लेथ लाकूडकामाचा, चार फुटी बेडचा. कोल्हापुरातल्या एका बंद झालेल्या पॅटर्न शॉपमधला. भंगारवाला वजनावर न्यायला तयार होता, त्याच भावाने मी घेतला. कंपनीची पाटी केव्हाच निघून गेली होती, नुसती चार भोकं उरली होती. त्यामुळे यंत्र कुठलं आणि कधीचं, हे सुट्या भागांवरूनच वाचावं लागणार होतं.

यंत्रयुगाचा इतिहास सांगताना आपण लोखंडापासून सुरुवात करतो. पण ओतीव भाग म्हटला की आधी नमुना आला, आणि तो नमुना बहुतेकदा लाकडाचाच. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर कारखाना हलवला, तो लोखंडी नांगर करण्यासाठी. नांगर, चरक, पंप, ऑइल इंजिनाचं चाक, दक्षिण महाराष्ट्राच्या शेतीत आलेला कुठलाही ओतीव भाग घ्या, त्याच्या मागे लाकूड तासणारा, कातणारा कुणीतरी उभा असतो. कातारी हा आपल्याकडचा जुना शब्द, कातीव खांब त्याच्याच हातचे. कारखान्यात आल्यावर हाच कारागीर पॅटर्नमेकर झाला. माझ्या लेथचा बेडसुद्धा अशाच कुठल्यातरी लाकडी नमुन्यावरून ओतला गेला असणार.

काम गंजापासून सुरू केलं. टूल रेस्ट आणि टेलस्टॉक जाम झाले होते. आठवडाभर डिझेल मुरवल्यावर सुटले. लहान भाग विजेवर साफ केले. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, चार्जरचं वजा टोक गंजक्या भागाला आणि अधिक टोक भंगारातल्या लोखंडी पत्र्याला. तिथे स्टेनलेस स्टील लावायचं नाही, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून टब गच्चीवर. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता, म्हणून तो ओला करूनच खरवडला.

टेलस्टॉकच्या आत निमुळतं भोक निघालं. तोंडाशी १७.७८ मिलिमीटर, उतार जवळपास विसास एक. हा मोर्स टेपर, क्रमांक दोन. स्टीफन मोर्स या अमेरिकन माणसाच्या नावाचा, एकोणिसाव्या शतकातला. मी ऑनलाइन मागवलेलं नवं सेंटर त्यात ठोकलं आणि ते घट्ट बसलं. सॉफ्टवेअरमध्ये पाच वर्षांपूर्वीची लायब्ररी चालली तरी आम्ही खूश होतो.

खरी अडचण स्पिंडलच्या नाकावर होती. तिथे एक इंच व्यास, इंचात आठ आटे. आजच्या बाजारात एक इंच-आठ आट्यांचे चक सहज मिळतात. पण ते अमेरिकन पद्धतीचे, आट्यांचा कोन ६० अंश. माझ्या स्पिंडलवर ६०चं गेज धरलं तर फटीतून उजेड दिसत होता. ५५चं धरलं, उजेड बंद. म्हणजे व्हिटवर्थ.

जोसेफ व्हिटवर्थ लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेच्या हाताखाली काम केलेला माणूस. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागेल याची खात्री नाही. व्हिटवर्थने ठिकठिकाणचे बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१मध्ये एक प्रमाण मांडलं. कोन ५५ अंश, कडा गोलसर. १८६४मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने ६० अंश सुचवले, कारण तो कोन कापायला आणि तपासायला सोपा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सुटे भाग एकमेकांना लागेनात, तेव्हा हा पाच अंशांचा फरक महागात पडला. १९४८मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६०वर समझोता केला. आपल्याकडे १९५६चा कायदा होऊन मेट्रिक आलं. पण कारखान्यांत आधीच बसलेली यंत्रं कायद्याने बदलत नाहीत. आजही सळई घेताना लोक ‘चार सूत’ म्हणतात आणि दुकानदार १२ मिलिमीटरची देतो.

अमेरिकन चक माझ्या स्पिंडलवर कदाचित चढलाही असता. पण आट्यांच्या बाजू नीट टेकल्या नसत्या, आणि दोन किलोचं लाकूड फिरत असताना मला ती जोखीम नको होती. दुसरा मार्ग, स्पिंडलच कापून मेट्रिक करायचा. आटे पाडून घ्यायला शिरोलीत एका टर्नरकाकांकडे गेलो. त्यांनी स्पिंडल हातात घेऊन नखाने आटे चाचपले.

“हे कापायचं कशाला? मूळ माल चांगला आहे. तू चकची बॅकप्लेट आण, तिला मी पंचावन्नचे आटे पाडून देतो.”

“पण काका, पुढे नवीन काही घेतलं तर?”

“तर परत ये. नाहीतर दुसरा कोणी पाडून देईल. स्पिंडल एकदा कापला की मात्र संपलं.”

त्यांच्या ड्रॉवरमधून ५५चं गेज निघालं, कडा झिजलेलं. माझ्या मते व्हिटवर्थचं प्रमाण इथे टिकलं ते अशा ड्रॉवरांमुळे. प्रमाण ठरवणाऱ्याचं नाव इतिहासात राहतं. ते पाळून, जुन्याला नवं जुळवून देणाऱ्यांची नोंद कुठे नसते. ते पॅटर्न शॉप बंद झालं, तेव्हा नमुने जळणात गेले. आज नमुने सीएनसीवर होतात, अधिक अचूक होतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कुठे किती आकसेल, कुठल्या कोपऱ्याला गोलाई द्यायची, हे हाताने शिकलेली माणसं त्या जळणाबरोबर पांगली.

बॅकप्लेट बसली. गनमेटलच्या बुशमध्ये तेल घातलं, दोन्ही सेंटरची टोकं समोरासमोर आणून टेलस्टॉकखाली पितळेची पातळ पट्टी सरकवली. टोकाला टोक भिडलं. मोटार नवी घेतली, अर्थिंग नीट केलं. पट्टा सगळ्यात मंद पायरीवर ठेवून सागाचा एक तुकडा गोल केला.

हेडस्टॉकच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी ऑइलपेंटने लिहून ठेवलंय: ‘स्पिंडल १ इंच, ८ आटे, ५५ अंश. कापू नये.’ पुढे हे यंत्र ज्याच्याकडे जाईल, त्याला उजेडात गेज धरून बसायला लागू नये. ती पट्टी शेजारीच खिळ्याला टांगली आहे. तिच्यावरही चिठ्ठी आहे, नाहीतर कुणीतरी तिने दरवाजा मोजायचा.