‘स्टार ट्रेक’चा पहिला कॉमिक अंक : पडद्यावरचा स्पॉक आणि कागदावरचा

अमेरिकेतील ‘एनबीसी’ वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानमालिका सुरू झाली आणि वर्ष पुरे होण्याआधीच तिचे कॉमिक निघाले. वेस्टर्न पब्लिशिंग या कंपनीच्या ‘गोल्ड की’ या नावाखाली निघालेल्या पहिल्या अंकावर जुलै १९६७ हा महिना आहे. किंमत १२ सेंट. मुखपृष्ठावर मालिकेतील छायाचित्रे, आत ‘द प्लॅनेट ऑफ नो रिटर्न’ ही कथा. गाजणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांवर चित्रकथा काढणे हा या प्रकाशकाचा नित्याचा व्यवसाय होता. लेखक-चित्रकारांची नावे अंकात छापण्याची तिथे पद्धत नव्हती. कथा डिक वुड यांची आणि चित्रे इटलीचे नेविओ झेकारा यांची, हे श्रेय नंतरच्या अभ्यासकांनी दिलेले आहे.

कथा साधी आहे. ‘एंटरप्राइज’ हे यान एका अनोळखी ग्रहाजवळ येते. तेथे वनस्पतींचे राज्य आहे. झाडे चालतात, शिकार करतात आणि त्यांच्या बीजाणूंचा संसर्ग झालेला प्राणी स्वतःच वनस्पती होऊन जातो. कॅप्टन कर्क तुकडीसह खाली उतरतो. एका सहकाऱ्याचे पाहता पाहता झाड होते, जॅनिस रँड शत्रूच्या ताब्यात सापडते. माणसाचे झाड होण्याचा प्रसंग झेकारांनी चांगलाच भयप्रद रंगवला आहे. शाईचे काम सफाईदार, जंगल दाट आणि कोंदट. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला खिळवून ठेवण्यास एवढे पुरेसे होते.

या अंकांची चेष्टा आजवर झाली ती बहुधा चित्रांतील चुकांमुळे. झेकारा आणि त्यांच्यानंतर आलेले अल्बेर्तो जोलिती हे इटलीत राहून काम करीत होते. मालिका त्यांनी पाहिलेली नव्हती; हाताशी होती ती प्रसिद्धीसाठी काढलेली छायाचित्रे. त्यामुळे सुरुवातीच्या अंकांत ‘एंटरप्राइज’च्या इंजिनांतून दिवाळीतल्या बाणासारख्या ज्वाळा निघतात. जॅनिस रँडचेही तसेच. ही भूमिका करणाऱ्या ग्रेस ली व्हिटनी १९६६ सालीच मालिकेतून बाहेर पडल्या होत्या, कॉमिकमध्ये मात्र ती मोहिमेवर हजर आहे. मालिका न पाहता चित्रे काढावी लागलेल्या माणसांना याबद्दल दोष देणे फारसे न्याय्य नाही.

खरा आक्षेप कथेच्या शेवटाला घ्यावा लागतो. तुकडी संकटात सापडल्यावर यानावरून सूत्रे हलवणारा स्पॉक लेसर किरणांचा मारा करून माणसे सोडवतो, आणि तेवढ्यावर न थांबता त्या ग्रहावरील वनस्पतीसृष्टी जाळून नष्ट करण्यात येते. एका जगातील जीवनच संपवले जाते आणि त्याबद्दल कोणाला खंत नाही, कोणी प्रश्नही विचारत नाही.

हा अंक निघण्याच्या चारच महिने आधी, ९ मार्च १९६७ रोजी, ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा भाग प्रसारित झाला होता. त्यात खाणकामगारांचे जीव घेणारा एक पाषाणरूपी जीव आहे. स्पॉक त्याच्या मनाशी संधान साधतो, तेव्हा कळते की ती आपली अंडी राखणारी आई आहे. मारायला निघालेले खाणकामगार अखेरीस तिच्याशी समझोता करतात. परक्या समाजाच्या जडणघडणीत ढवळाढवळ करायची नाही, या यानाच्या प्रमुख नियमाचा उल्लेखही त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘द रिटर्न ऑफ द आर्कन्स’ या भागात येऊन गेला होता. वनस्पतींना बुद्धी आणि समाज आहे, असे हे कॉमिकच दाखवते. मग त्यांच्याशी बोलण्याचा विचार निदान स्पॉकला तरी सुचायला हवा होता. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका पाहिलेल्या आपल्याकडील प्रेक्षकांनाही हा स्पॉक ओळखू येणार नाही.

मालिकेवरील कॉमिकने मालिकेची हुबेहूब नक्कल करावी, अशी अपेक्षा नाही. बारा सेंटांच्या अंकाकडून तत्त्वचिंतनही कोणी मागणार नाही. मात्र पात्रांचे चेहरे घेतले आणि स्वभाव मागे ठेवला, तर उरते ती कोणत्याही अंतराळवीराची साहसकथा. पहिला अंक तसाच आहे. यानाचे नाव बदलले तरी कथेत फारसा फरक पडणार नाही.

तरीही विक्रीवर त्याचा परिणाम झाला नाही. मूळ मालिका ७९ भागांनंतर १९६९ मध्ये बंद पडली. कॉमिक मात्र मार्च १९७९ पर्यंत चालले आणि त्याचे ६१ अंक निघाले. मधल्या काळात लेन वीन यांच्यासारखे लेखक आले, तेव्हा कथा पडद्यावरील पात्रांच्या बऱ्याच जवळ गेल्या. त्यानंतर ‘मार्व्हल’ने १९८० मध्ये आणि ‘डीसी’ने १९८४ मध्ये आपापली मालिका सुरू केली. पहिला अंक वाचण्यासाठी जुन्या प्रतीचा शोध घेण्याची गरज नाही. ‘चेकर’ने २००४ मध्ये आणि ‘आयडीडब्ल्यू’ने २०१४ मध्ये काढलेल्या संग्रहांच्या पहिल्या खंडांत तो समाविष्ट आहे.