दिल्लीची वजाबाकी

बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू करण्याच्या विद्येचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. 1947 साली क्लीव्हलंडमध्ये क्लॉड बेक यांनी चौदा वर्षांच्या मुलाच्या उघड्या छातीत विजेचा झटका दिला, 1956 मध्ये बॉस्टनच्या पॉल झोल यांनी तोच झटका छाती न उघडता दिला, 1962 मध्ये बर्नार्ड लाउन यांचे सुधारलेले यंत्र आले. क्रम बरोबर आहे, पण या वंशावळीतला सर्वांत मोठा शोध यंत्र बाजूला ठेवल्यावर लागला. बाल्टिमोरमध्ये विल्यम कौवेनहोवेन हे विद्युत अभियंते अशाच झटका देणाऱ्या यंत्रावर, डिफिब्रिलेटरवर, काम करत होते. प्रयोगातल्या कुत्र्याच्या छातीवर यंत्राची जड पॅडल्स दाबली की वीज सोडण्याआधीच रक्तदाब थोडा वर जातो, हे त्यांचे सहकारी गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आले. म्हणजे नुसता दाबही काम करतो! जेम्स ज्यूड यांच्यासह या दोघांनी 1960 मध्ये वीस रुग्णांचा अनुभव छापला. त्यांतले चौदा जगले होते. तोवर हृदयाला मालिश करायची तर छाती फाडावी लागे, त्यानंतर दोन हात पुरू लागले. दिल्लीपुरते बोलायचे तर माझे म्हणणे असे की, या शहरात ही विद्या जेव्हा जेव्हा पुढे सरकली तेव्हा तिच्यातून काहीतरी वजा झाले होते.

सर्वांत ठळक पुरावा प्रौढांचा नाही, नवजात बाळांचा आहे. जन्मतः न रडणाऱ्या बाळाची चिंता जुनी आहे. चरकसंहितेत त्याच्या कानाजवळ दगडावर दगड आपटणे, तोंडावर गार किंवा ऊन पाणी शिंपडणे, सुपाने वारा घालणे असे उपाय सांगितले आहेत. विसाव्या शतकात सुपाची जागा शंभर टक्के ऑक्सिजनने घेतली आणि त्याच्याबद्दल शंका घेणे जवळजवळ पाखंड ठरले. बाळ गुदमरलेले, मग त्याला जास्तीत जास्त प्राणवायू द्यायचा, यात विचारायचे काय? ओस्लोचे ओला दिद्रिक सॉगस्टाड यांना शंका होती की गुदमरून बाहेर आलेल्या शरीरावर एकदम ऑक्सिजनचा मारा केला तर पेशींना इजाच होईल. पण श्रीमंत देशांतल्या प्रसूतिगृहात बाळाला ऑक्सिजन नाकारून पाहणे अवघड होते. ज्या देशात असंख्य प्रसूतिगृहांत सिलिंडरच नव्हता, तिथे मात्र हा प्रश्न रोजचा होता. दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातले सिद्धार्थ रामजी आणि त्यांचे सहकारी यांनी सॉगस्टाड यांच्याबरोबर 84 बाळांवरचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध केला. पिशवी आणि मास्कमधून साधी हवा दिलेली बाळे ऑक्सिजन दिलेल्या बाळांहून मागे पडली नव्हती.

त्यावर घेतला जाणारा आक्षेप रास्त होता, आकडा लहान होता. म्हणून सहा देशांतल्या अकरा केंद्रांत 609 बाळांचा अभ्यास झाला आणि 1998 मध्ये तो छापून आला. त्यात सम तारखेला जन्मलेल्यांना हवा आणि विषम तारखेला जन्मलेल्यांना ऑक्सिजन दिला होता. (सम-विषमचा फॉर्म्युला दिल्लीकरांना 2016 च्या जानेवारीत गाड्यांमुळे पाठ झाला. त्याचा हा थोरला भाऊ.) हवेवरच्या बाळांनी पहिला श्वास थोडा लवकरच घेतला. इथेही टीकाकारांचे बरोबर होते. तारखेवरून केलेली वाटणी म्हणजे खरी चिठ्ठी नव्हे, आणि कोणाला काय मिळते आहे हे डॉक्टरांना दिसत होते. पण पुढचे अभ्यास एकत्र मांडल्यावर हवेच्या बाजूला मृत्यू कमी दिसले आणि 2010 मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी पूर्ण दिवसांच्या बाळाची सुरुवात साध्या हवेनेच करावी असे म्हटले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा हिशेब वेगळा आहे, तो यात मिसळू नये. तरी जगभरच्या प्रसूतिगृहांची सवय मोडणाऱ्या या साखळीची पहिली कडी दिल्लीत आहे, आणि टंचाईतून विचारलेला प्रश्न समृद्धीलाही लागू पडला, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

रस्त्यावर मात्र वजा करायचे होते ते औषध नव्हते, भीती होती. 1989 च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर आलेली हकीकत एका स्कूटरस्वाराची होती. गाडीने उडवल्यावर त्याला जवळच्या रुग्णालयात नेले, तर ‘मेडिको-लीगल’ प्रकरण म्हणून तिथून वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे पाठवले आणि तो वाटेत गेला. आधी जीव, मग कागद, असे न्यायालयाने डॉक्टरांना बजावले. पण डॉक्टरपर्यंत पोचवणारा माणूस तसाच घाबरलेला राहिला. दिल्लीत 2008 साली स्थापन झालेल्या सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर 30 मार्च 2016 रोजी न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ हे कलम आले. यावर कायदेपंडित म्हणतील की, सद्भावनेने केलेल्या मदतीला भारतीय दंड संहितेच्या 92 व्या कलमाचे संरक्षण 1860 पासून होतेच. होते, पण ते खटल्यात उपयोगी पडणारे संरक्षण होते. लोकांना भीती खटल्याची नव्हती, खटल्यापर्यंतच्या ठाण्यातल्या फेऱ्यांची होती. आणि नवे कलमही मोटार अपघातापुरतेच आहे, मेट्रोच्या फलाटावर हृदय बंद पडून कोसळलेला माणूस त्यात बसत नाही.

त्या फलाटावरच्या माणसासाठी दिल्लीत गर्दीला शिकवण्याचे काम ज्यांनी केले त्यांत हृदयरोगतज्ज्ञ के. के. अग्रवाल यांचे नाव आधी घ्यावे लागते. छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे मिळून सीपीआर होतो, त्यातून त्यांनी श्वास देणे काढून टाकले आणि उरलेले दहाच्या पाढ्यात बसवले. मृत्यू आल्यावर दहा मिनिटांच्या आत, पुढची किमान दहा मिनिटे, मिनिटाला दहा दाहे शंभर या गतीने छाती दाबायची. शाळकरी मुलांपासून पोलिसांपर्यंत हा मंत्र गेला. मला त्यातला पहिला दहा खटकतो. चार-सहा मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते, तेव्हा ‘दहा मिनिटांच्या आत’ ऐकणाऱ्याला उसंत असल्यासारखे वाटू शकते. तरीही पाढा लक्षात राहतो, परिपत्रक राहत नाही. पुढे 2017 मध्ये भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सर्वसामान्यांसाठी फक्त छाती दाबण्याचीच शिफारस छापली. त्यामागचा तर्क असा : प्रौढ माणूस अचानक कोसळतो तेव्हा रक्तात प्राणवायू शिल्लक असतो, ते रक्त फिरवणारा पंप थांबलेला असतो. आणि अनोळखी तोंडाला तोंड लावायच्या संकोचाने हात न लावणे ही सर्वांत वाईट पद्धत आहे.

या वजाबाकीवरचा खरा घाव मुलांच्या बाजूने येतो. मुलाचे हृदय सहसा आधी थांबत नाही. आधी श्वास कोंडतो, गिळलेल्या वस्तूने, न्यूमोनियाने किंवा पाण्यात बुडून, आणि रक्तातला प्राणवायू संपल्यावर हृदय हार मानते. जपानमधल्या पाच हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास 2010 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. हृदयाबाहेरच्या कारणाने कोसळलेल्या मुलांत नुसत्या दाबापेक्षा श्वासासह दिलेला सीपीआर सरस ठरला. म्हणून यमुनेतून काढलेल्या पोराला अग्रवालांचा पाढा पुरत नाही, त्याला तीस दाबांमागे दोन श्वास हवेत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो नेमकी मर्यादा घालतो : काय काढायचे हे रुग्णाच्या कारणावरून ठरते, शिकवणाऱ्याच्या सोयीवरून नव्हे.

दुसरा आक्षेप एईडीचा, म्हणजे कोणालाही वापरता येईल अशा स्वयंचलित डिफिब्रिलेटरचा. विमानतळावर भिंतीला लावलेली ती पेटी म्हणजे तर उघड बेरीज! पण ती पेटी ईसीजी वाचणाऱ्या डॉक्टरला वजा करते. पट्ट्या चिकटवल्या की झटका द्यायचा की नाही हे तीच ठरवते. आठ वर्षांखालच्या मुलासाठी लहान पट्ट्या असतात, आणि तान्ह्या बाळाला एक पुढे छातीवर, दुसरी पाठीवर लावतात. झटका उशिरा मिळाला तर दर मिनिटाला जगण्याची आशा साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते, आणि रिंग रोडवर एका मिनिटात रुग्णवाहिका किती सरकते हे सांगायला नको. आयसीएमआर आणि एम्स यांनी 2019 च्या एप्रिलमध्ये सुरू केलेल्या ‘मिशन दिल्ली’ने तीच वजाबाकी रुग्णवाहिकेवर केली. एम्सच्या आसपासच्या तीन किलोमीटरांत छातीत दुखू लागल्यास मोटारसायकलवरून परिचारक पोचणार, ईसीजी काढून एम्सच्या डॉक्टरांना पाठवणार आणि गुठळी विरघळवणारे औषध तिथेच सुरू करणार. हे हार्ट अटॅकसाठी होते, हृदय बंद पडण्यासाठी नव्हे. वर्तमानपत्रे दोन्हींना एकच म्हणतात, पण पहिल्यात माणूस बोलत असतो.

मराठी वाचकाला या साऱ्यात गडचिरोली आठवल्याशिवाय राहणार नाही. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाला श्वास द्यायला शिकवले, 1999 मध्ये त्याचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये आले, आणि 2011 मध्ये दिल्लीतल्या केंद्र सरकारने नवजात बाळाची घरी जाऊन घ्यायची काळजी देशभरच्या आशांकडे सोपवली. पण गडचिरोलीतल्या नोंदी नीट पाहिल्या तर वजा झाला तो डॉक्टर, मास्क नव्हे. तोंडाने श्वास देण्यापासून नळीच्या मास्कपर्यंत आणि तिथून पिशवीच्या मास्कपर्यंत साधन सुधारतच गेले, आणि पिशवीचा मास्क अधिक बरा दिसला. काय काढायचे याचा हिशेब अजूनही चालूच आहे. तान्ह्या बाळाची छाती दोन बोटांनी दाबायची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या वर्गात शिकवली गेली. 2025 च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी ती पुरेशी खोल जात नाही म्हणून काढून टाकली. आता दोन्ही हातांनी बाळाला वेढून अंगठ्यांनी दाबायचे, नाहीतर एका तळहाताच्या टाचेने.